प्रवास विमा : व्याख्या, अपवर्जने व अटी

प्रवास विमा : प्रवासाच्या काळात व प्रवासाच्या निमित्ताने ओढवणारे अपघात, आजारपण, सामानाची हानी, प्रवास रद्द होणे किंवा अर्ध्यावर सोडावा लागणे इ. घटनांमुळे होणारे आर्थिक नुकसान भरून देण्याचा करार म्हणजे प्रवास विमा. आयुर्विमा किंवा आगीचा विमा यांच्या तुलनेने या विम्याची मुदत थोडी व हप्ता लहान असतो; करारपत्र मात्र बरेच लांबलचक असते. त्याचे सामान्यतः चार भाग पडतात : विमेदाराचे नाव, मुदत व रकमा दर्शविणारा तक्ता, करारात वापरलेल्या शब्दांच्या व्याख्या, संरक्षण देणारी कलमे, आणि अपवर्जने (कोणत्या प्रसंगी भरपाई मिळणार नाही ते सांगणारी कलमे) व अटी. प्रवाशाच्या नजरेखालून सहसा पहिला भाग जातो. विमा कंपनीने वस्तुतः कोणती जोखीम पत्करली आहे, हे मात्र उरलेल्या तीन भागांवरून ठरते आणि त्यांतही, सर्वसाधारण समजुतीच्या उलट, अपवर्जनांच्या यादीपेक्षा व्याख्यांचा भाग पुष्कळदा अधिक निर्णायक ठरतो. अपवर्जनांची यादी भरपाई कशाची मिळणार नाही ते उघडपणे सांगते; व्याख्या तेच काम न सांगता करीत असते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : जहाज व त्यावरील माल यांचा विमा जुना असला, तरी प्रवाशाच्या स्वतःच्या जीविताचा प्रवासापुरता विमा ही रेल्वेयुगाची निर्मिती होय. लंडन येथे १८४८ मध्ये ‘रेल्वे पॅसेंजर्स ॲश्युअरन्स कंपनी’ स्थापन झाली. पुढील वर्षापासून तिची विमापत्रे रेल्वेस्थानकांवर तिकिटांबरोबर मिळू लागली. पहिल्या वर्गाच्या प्रवाशाला तीन पेन्सांत १,००० पौंडांचे, दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला दोन पेन्सांत ५०० पौंडांचे आणि तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला एका पेनीत २०० पौंडांचे संरक्षण मिळे. अमेरिकेत हार्टफर्ड (कनेक्टिकट) येथे जेम्स बॅटरसन याने १८६४ मध्ये ‘ट्रॅव्हलर्स’ ही कंपनी याच धर्तीवर काढली. या आरंभीच्या करारांत अपवर्जनांना फारसा वाव नव्हता, कारण संरक्षणच अरुंद होते : एक गाडी, एक प्रवास, एक अपघात. संरक्षण जसजसे रुंदावत गेले, तसतशी अपवर्जनेही वाढत गेली.

भारतात सर्वसाधारण विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण १९७२ च्या अधिनियमान्वये झाले. १ जानेवारी १९७३ पासून तो भारतीय साधारण विमा निगम व त्याच्या चार दुय्यम कंपन्या यांच्याकडे आला. परदेशी जाणाऱ्या भारतीयांच्या वैद्यकीय खर्चासाठी ‘ओव्हरसीज मेडिक्लेम’ हे विमापत्र १९८४ मध्ये प्रचारात आले. परकीय चलनाच्या टंचाईच्या त्या काळात परदेशातील रुग्णालयाचे देयक स्वतःच्या खिशातून भागविणे बहुतेक प्रवाशांना केवळ महागच नव्हे, तर कायदेशीर दृष्ट्याही अवघड होते. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाची स्थापना झाल्यावर, म्हणजे २००० नंतर, खाजगी कंपन्या या क्षेत्रात उतरल्या व विमापत्रांचे नमुने अनेक झाले.

अपवर्जनांची कारणे : अपवर्जने म्हणजे केवळ कंपनीची चलाखी, ही समजूत खरी नाही. विमा अनिश्चित घटनेचा असतो. जे घडणार हे ठाऊकच आहे किंवा जे घडवून आणणे विमेदाराच्या हाती आहे, त्याचा विमा उतरविता येत नाही. आत्महत्या, स्वतःच केलेली इजा, गुन्हेगारी कृत्य आणि उपचारांसाठीच केलेला प्रवास ही अपवर्जने या तत्त्वातून निघतात. युद्ध व अणुकेंद्रीय किरणोत्सर्ग यांचे कारण वेगळे आहे : अशा घटनांत असंख्य विमेदारांचे नुकसान एकाच वेळी होते व विम्याचे गणित कोलमडते. तिसरे कारण हप्त्याचे. काही जोखमी थोड्या लोकांपुरत्या असतात. त्यांचा भार सर्वांच्या हप्त्यावर न टाकता त्यांना बाहेर ठेवून जादा हप्त्यावर आत घेण्याची सोय केली जाते. साहसी खेळांचे अपवर्जन या वर्गात मोडते. मात्र काही अपवर्जने यांपैकी कोणत्याच कारणाने समर्थनीय ठरत नाहीत. त्यांचा उपयोग दावे कमी करण्यापुरताच असतो. तत्त्वावर आधारलेले अपवर्जन आणि सोयीचे अपवर्जन यांची सरमिसळ हा या विषयातील मूळ घोटाळा आहे.

‘अपघात’ या शब्दाची व्याप्ती : एका शब्दावर किती अवलंबून असते, याची उत्तम उदाहरणे अपघाताच्या व्याख्येसंबंधीच्या खटल्यांत सापडतात. इंग्लंडमध्ये १८८१ साली निकाल लागलेल्या एका खटल्यात विमेदार लंडनच्या वॉटर्लू स्थानकाच्या फलाटावर उभा असता त्याला अपस्माराचा झटका आला, तो रुळांवर कोसळला आणि त्याच्या अंगावरून गाडी गेली. झटक्यामुळे उद्‌भवलेली इजा करारातून वगळली होती. तरीही कंपनीला पैसे द्यावे लागले. मृत्यू गाडीखाली सापडल्याने आला. झटका हे त्या ठिकाणी पडण्याचे कारण होते, मरणाचे नव्हे, असा न्यायालयाचा निर्णय होता. विम्याच्या कायद्यात यालाच निकटकारणाचे तत्त्व म्हणतात. घटनांच्या साखळीत जी कडी परिणामाला प्रत्यक्ष कारणीभूत होते, तिचाच विचार करावयाचा असतो. ही कडी नेहमीच काळाच्या दृष्टीने शेवटची असते असे नाही.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे २०१९ मध्ये आलेले प्रकरण वरवर पाहता असेच होते. मोटारसायकल चालविणाऱ्या विमेदाराच्या छातीत व खांद्यात दुखू लागले, हृदयविकाराचा झटका आला आणि तो वाहनावरून पडला. आयुर्विम्यावरील अपघातलाभाची मागणी येथे फेटाळली गेली. पडल्यामुळे झालेल्या इजेने मृत्यू आल्याचे सिद्ध झाले नाही. मृत्यूचे कारण हृदयविकार हेच होते. वॉटर्लूच्या प्रवाशाला गाडीने चिरडले होते, या प्रवाशाला रस्त्याने मारले नव्हते. दोन्ही निकाल एकाच तत्त्वाच्या दोन बाजू आहेत.

त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका प्रकरणात चहाच्या कारखान्याच्या व्यवस्थापकाचा मोझँबीकमध्ये हिवतापाने मृत्यू झाला होता. डास चावणे ही अनपेक्षित व आकस्मिक घटना असल्याने हा अपघाती मृत्यूच होय, असा वारसांचा युक्तिवाद होता व ग्राहक आयोगांनी तो मान्यही केला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. जेथे हिवताप सर्रास आढळतो अशा प्रदेशात डासाच्या दंशाने होणारा आजार हा निसर्गक्रमातील आजार आहे, अपघात नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. त्या विमापत्राच्या अपवर्जनांच्या यादीत हिवताप शोधण्याचे कारणच पडले नाही. दावा ‘अपघात’ या शब्दापाशीच अडला. केवळ वैयक्तिक अपघाताचे विमापत्र घेऊन उष्ण कटिबंधातील देशांत जाणाऱ्याला आजारपणाचे संरक्षण नसते, ते वेगळे घ्यावे लागते.

अपवर्जनातील शब्दयोजनाही काळजीपूर्वक पाहावी लागते. ‘मद्यपानामुळे झालेली इजा’ आणि ‘मद्याच्या अमलाखाली असताना झालेली इजा’ हे शब्दप्रयोग वाचणाऱ्याला एकच वाटतात. पहिल्यात कंपनीला मद्य व इजा यांचा कार्यकारणसंबंध दाखवावा लागतो. दुसऱ्यात केवळ तशी अवस्था सिद्ध झाली तरी भागते. मग जेवणानंतर पायी परतणाऱ्या प्रवाशाला मागून मोटारीने धडक दिली असली, तरी तो अडचणीत येऊ शकतो.

आधीपासूनचा आजार : परदेशातील वैद्यकीय संरक्षणाच्या दाव्यांत सर्वांत अधिक वाद या एका कलमावरून होतात. विमा घेण्यापूर्वी असलेला, किंवा ज्याची लक्षणे वा उपचार पूर्वी झालेले आहेत असा आजार सामान्यतः वगळलेला असतो. भारतीय विमेदारांच्या बाबतीत हे कलम विशेष महत्त्वाचे आहे, कारण अमेरिकेसारख्या देशात मुलामुलींकडे काही महिने राहावयास जाणारे आईवडील हा या विम्याचा एक मोठा ग्राहकवर्ग आहे. महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांना हा अनुभव परिचयाचा आहे. साठीसत्तरीच्या या प्रवाशांत मधुमेह किंवा रक्तदाब नसलेली व्यक्ती विरळा. साहजिकच ज्या रोगाची भीती वाटून विमा घेतला जातो, नेमका तोच रोग वगळला जाण्याचा संभव असतो. काही करारांत जिवाला तातडीचा धोका उत्पन्न झाल्यास ठराविक रकमेपर्यंत आधीच्या आजाराचाही खर्च दिला जातो. तो रुग्णाची स्थिती स्थिर होईपर्यंतचाच असतो. पुढील उपचारांसाठी त्याने मायदेशी परतावे अशी अपेक्षा असते.

यासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने ६ डिसेंबर २०२१ रोजी दिलेला निर्णय मार्गदर्शक आहे. २००९ च्या मे महिन्यात एक गृहस्थ नात्यातील लग्नासाठी अमेरिकेस निघाले. विमापत्र देण्यापूर्वी त्यांची वैद्यकीय तपासणी झाली व त्यांना मधुमेह असल्याची नोंद तीत करण्यात आली. सॅन फ्रॅन्सिस्कोच्या विमानतळावर उतरताच त्यांना अशक्तपणा वाटू लागला, घाम सुटला. हृदयविकाराचे निदान होऊन रक्तवाहिन्यांत तीन स्टेंट बसवावे लागले. रक्तातील मेदाचे वाढलेले प्रमाण व मधुमेह हा पूर्वेतिहास असल्याचे सांगून कंपनीने दावा नाकारला. राष्ट्रीय ग्राहक आयोगानेही २०१५ मध्ये कंपनीचीच बाजू घेतली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र निकाल फिरविला. विमेदाराने आपल्याला ठाऊक असलेली महत्त्वाची वस्तुस्थिती सांगितली पाहिजे, हे कर्तव्य न्यायालयाने पुन्हा अधोरेखित केले. पण जी प्रकृती कंपनीने तपासून, समजून घेऊन विमापत्र दिले, तिचाच आधार घेऊन नंतर दावा नाकारता येणार नाही, असे स्पष्ट केले. निकाल हाती येईपर्यंत प्रवासाला बारा वर्षे उलटून गेली होती, हेही लक्षात घेतले पाहिजे.

या निर्णयाचा लाभ ज्याने आजार लपविला त्याला मिळत नाही. विम्याचा करार परम सद्‌भावनेचा करार मानला जातो. लॉर्ड मॅन्सफील्डने १७६६ मध्ये मांडलेले हे तत्त्व भारतातही मान्य आहे. प्रस्तावपत्रातील आरोग्यविषयक प्रश्नांची उत्तरे अनेकदा अभिकर्ता किंवा प्रवास कंपनीचा कारकून ‘नाही, नाही’ अशी भरून टाकतो आणि प्रवासी सही करतो. त्या सहीने ती उत्तरे प्रवाशाची होतात. रोज घेण्याच्या गोळ्यांची यादी डॉक्टरांकडून लिहून घेऊन ती प्रस्तावपत्राला जोडणे, ही साधी खबरदारी नंतरच्या पुष्कळ पत्रव्यवहारापेक्षा अधिक उपयोगी ठरते. नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये आरोग्यविम्यातील अपवर्जनांची भाषा प्रमाणित केली. पण देशांतर्गत व परदेशी प्रवास विमा त्या मार्गदर्शक तत्त्वांतून वगळण्यात आला. त्यामुळे घरच्या आरोग्यविम्यात ओळखीचा झालेला शब्द प्रवासाच्या विमापत्रात त्याच अर्थाने असेल, असे गृहीत धरता येत नाही.

प्रवास रद्द होणे व ‘ज्ञात घटना’ : प्रवास रद्द झाल्यास भरपाई करारात नमूद केलेल्या कारणांसाठीच मिळते. विमेदाराचा वा जवळच्या नातलगाचा मृत्यू किंवा गंभीर आजार, घराची मोठी हानी अशी ती कारणे असतात. जवळचे नातलग कोण, हेही व्याख्येतच ठरलेले असते. काका, मावशी, चुलतभाऊ या व्याख्येत बहुधा बसत नाहीत. आपल्या कुटुंबपद्धतीत ही नाती जवळचीच, परंतु विमापत्रांचे मूळ नमुने इंग्रजी आहेत. केवळ भीतीमुळे किंवा मन बदलल्यामुळे रद्द केलेल्या प्रवासाला संरक्षण नसते.

जी घटना विमा घेताना सार्वजनिक रीत्या ज्ञात होती, तिच्यामुळे झालेले नुकसानही वगळले जाते. कोविड-१९ च्या साथीत या तत्त्वाची व्याप्ती प्रथमच सर्वसामान्य प्रवाशांच्या ध्यानात आली. जागतिक आरोग्य संघटनेने ३० जानेवारी २०२० रोजी आणीबाणी आणि ११ मार्च २०२० रोजी जागतिक साथ घोषित केली. भारतातील नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा त्याच महिन्यात बंद पडली, ती २७ मार्च २०२२ रोजी पूर्ववत झाली. साथ केव्हापासून ‘ज्ञात’ मानावयाची, यावर अनेकांचे दावे अवलंबून राहिले. शिवाय कित्येक करारांत साथीचे रोग मुळातच वगळलेले होते. विमान कंपनीने भाडे परत देण्याऐवजी पुढील प्रवासासाठी पत देऊ केली असल्यास नुकसान झाले की नाही, हाही प्रश्न निघाला.

याहून चमत्कारिक वाद २०१० च्या एप्रिलमध्ये उद्‌भवला. आइसलँडमधील एय्याफ्यात्लायोकुत्ल ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपच्या मोठ्या भागातील हवाई वाहतूक सु. सहा दिवस ठप्प झाली, सु. १ लक्ष उड्डाणे रद्द झाली. ‘प्रतिकूल हवामान’ या कारणासाठी विलंबाची भरपाई देण्याचे कलम अनेक ब्रिटिश विमापत्रांत होते. पण हवेत तरंगणारी राख म्हणजे हवामान काय? काही कंपन्यांनी तसे मानून पैसे दिले, काहींनी नाकारले. त्यानंतरच्या विमापत्रांत ज्वालामुखीच्या राखेचा स्वतंत्र उल्लेख दिसू लागला, कोठे संरक्षणाच्या कलमात तर कोठे अपवर्जनांत. विमापत्रे लांबत जाण्याचे हे एक कारण आहे : प्रत्येक मोठ्या आपत्तीनंतर त्यांत एखाद्या कलमाची भर पडते.

सामान, विलंब व साहस : सामानाच्या बाबतीत ‘लक्ष न ठेवता सोडलेले सामान’ हे अपवर्जन सर्वत्र आढळते. रोख रक्कम, दागिने व नाजूक वस्तू बहुधा वगळलेल्या असतात किंवा प्रत्येक वस्तूमागे लहानशी मर्यादा घातलेली असते. चोरीची पोलिसांकडे ठराविक तासांत नोंद आणि विमान कंपनीचा लेखी दाखला या अटी पाळल्या नाहीत, तर खरा दावाही टिकत नाही. सुपूर्द केलेले सामान विमान कंपनीच्या ताब्यात असताना हरवले, तर विमा असो वा नसो, १९९९ च्या माँट्रिऑल करारान्वये विमान कंपनीच जबाबदार असते. भारत २००९ मध्ये या करारात सहभागी झाला. करारातील सामानाविषयीची मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून दर प्रवाशामागे १,५१९ विशेष आहरण अधिकार (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबी एकक) अशी आहे. मोडतोडीची लेखी तक्रार सात दिवसांत, तर उशिरा मिळालेल्या सामानाविषयी एकवीस दिवसांत करावी लागते.

विलंबाच्या कलमात पहिले काही तास विमेदाराने सोसावयाचे असतात. साहसी खेळांच्या यादीत पाण्याखालील डुबी, बर्फावरील घसरखेळ, हवाई छत्रीने उतरणे यांच्या जोडीला गिर्यारोहणही असते आणि पुष्कळ करारांत ते उंचीवरून ठरते. यात्रेकरू स्वतःला गिर्यारोहक समजत नाही. परंतु कैलास परिक्रमेतील डोल्मा खिंड सु. ५,६३० मी. उंचीवर आहे. विरळ हवेचा विकार जडून हेलिकॉप्टरने खाली आणण्याची वेळ आली, तर करारातील उंचीचा आकडाच विचारात घेतला जातो, प्रवासाचा हेतू नव्हे.

रेल्वे प्रवास : भारतातील सर्वांत स्वस्त प्रवास विमा रेल्वेचा आहे. इंटरनेटवरून तिकीट काढणाऱ्यांसाठी १ सप्टेंबर २०१६ पासून ही ऐच्छिक योजना सुरू झाली, तेव्हा तिचा हप्ता ९२ पैसे होता. मृत्यू अथवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास १० लाख रु. आणि रुग्णालयीन खर्चासाठी २ लाख रु.पर्यंत संरक्षण तीत देऊ केले होते. उपनगरी गाड्या मात्र तीतून वगळल्या होत्या. म्हणजे मुंबईच्या लोकल गाड्यांतून रोज जीव मुठीत धरून जाणारा प्रवासी या विम्याच्या कक्षेबाहेरच राहिला. त्याचा आधार वेगळा आहे. रेल्वे अधिनियम, १९८९ यातील कलम १२४-अ नुसार गाडीतून पडण्यासारख्या ‘अनुचित घटने’बद्दल रेल्वेचा दोष नसतानाही भरपाई मिळते, वैध तिकीट वा पास असलेला प्रवासी तिला पात्र असतो. मृत्यूबद्दलची रक्कम १ जानेवारी २०१७ पासून ४ लाखांवरून ८ लाख रु. करण्यात आली. हा विमा नव्हे, वैधानिक दायित्व होय. तरीही त्याला अपवर्जने आहेत : आत्महत्या वा तिचा प्रयत्न, स्वतः केलेली इजा, गुन्हेगारी कृत्य, नशेच्या वा वेडाच्या भरातील कृत्य आणि नैसर्गिक कारण वा रोग.

यांपैकी ‘स्वतः केलेली इजा’ या शब्दांचा आधार घेऊन, चालत्या गाडीत चढताना वा उतरताना पडलेल्या प्रवाशाला भरपाई नाकारण्याचे प्रयत्न अनेक वर्षे होत राहिले. निष्काळजीपणाने झालेली इजा ही स्वतः केलेली इजा नव्हे, तिच्यासाठी तसा हेतू असावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ठरविले. विमापत्रांतील हेच शब्द वाचतानाही हा निर्णय ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

रकमा व प्रदेश : तक्त्यातील मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, देय रक्कम नव्हे. प्रत्येक दाव्यातून एक ठराविक वजावट विमेदाराने सोसावयाची असते. काही करारांत खोलीचे भाडे, शस्त्रक्रिया, दंतोपचार यांना स्वतंत्र पोटमर्यादा असतात व वय वाढेल तशा त्या कमी होतात. ‘अमेरिका व कॅनडा वगळून सर्व जग’ अशा प्रादेशिक मर्यादेचे विमापत्र स्वस्त पडते. पण परतीच्या वाटेवर न्यूयॉर्कला दोन दिवस मुक्काम करणाऱ्याला तेथे संरक्षण नसते. शेंगेन देशांच्या प्रवेशपत्रासाठी २००४ पासून किमान ३०,००० यूरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. ही अट मायदेशी परत आणण्याचा खर्च, तातडीचे उपचार व मृत्यू यांपुरती आहे. ती पुरी करणारे विमापत्र आधीच्या आजाराला किंवा सामानाला संरक्षण देईलच असे नाही. वकिलातीला पुरेसे असलेले विमापत्र प्रवाशाला पुरेसे असते, हा समज चुकीचा आहे.

अर्थनिर्णयनाचे नियम : विमेदाराने आपले नुकसान संरक्षणाच्या कलमात बसते एवढे सिद्ध करावयाचे असते, अपवर्जन लागू होते हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर असतो. शब्द संदिग्ध असतील, तर ते ज्याने लिहिले त्याच्या विरुद्ध, म्हणजे कंपनीविरुद्ध वाचले जातात. परंतु शब्द स्पष्ट असतील, तर न्यायालय नवा करार लिहून देत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्येच सांगितले आहे. त्यामुळे सहानुभूतीला येथे वाव थोडा असतो. जे अपवर्जन विमेदाराला कळविलेच नव्हते, त्याचा आधार कंपनीला घेता येत नाही (२०००). तसेच जे अपवर्जन कराराचा मुख्य हेतूच नष्ट करते, ते टिकत नाही : तळघरातील दुकान पाहून कंपनीने त्याचा आगविमा उतरविला आणि आग लागल्यावर तळघरे वगळली असल्याचे सांगितले, तेव्हा ते कलम २०२२ मध्ये अन्याय्य ठरविण्यात आले. हा निर्णय आगविम्यातील असला, तरी त्याचे तत्त्व प्रवास विम्यालाही लावता येण्यासारखे आहे.

भाषेचा प्रश्न याच्याशीच निगडित आहे. विमापत्रे राज्यघटनेने मान्य केलेल्या भाषांत परिस्थितीनुसार उपलब्ध करून देता येतील, अशी तरतूद नियामक प्राधिकरणाच्या २००२ च्या विनियमांत होती. तीत सक्ती नव्हती, मुभा होती. मराठी प्रवाशाच्या हाती पडणारी विमापत्रे बहुधा इंग्रजीतच असतात. अपवर्जने ‘कळविली’ याचा अर्थ कागद हाती दिला एवढाच घ्यावयाचा की ती समजली असाही घ्यावयाचा, हा प्रश्न त्यामुळे मोकळाच राहतो.

तक्रार-निवारण : दावा नाकारल्याचे पत्र कारणासह व कलमाच्या क्रमांकासह लेखी मागून घ्यावे लागते, कारण पुढील सर्व वाद त्या कारणापुरता मर्यादित होतो. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडून समाधान न झाल्यास एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे तक्रार करता येते. तीस शुल्क नाही, वकिलाची आवश्यकता नाही. लोकपालाची मर्यादा २०२३ पासून ५० लाख रु. आहे. महाराष्ट्रात लोकपालाची कार्यालये मुंबई, ठाणे व पुणे येथे आहेत. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये तक्रारदाराला तो राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही जाता येते. त्यासाठी मुदत दोन वर्षांची आहे. त्याच अधिनियमाने ‘अन्याय्य करार’ ही संज्ञा प्रथमच कायद्यात आणली आणि अशा कराराविरुद्धच्या तक्रारी राज्य आयोगाकडे सोपविल्या.